जोरवाली घ्या

पोशीरच्या सहदेवने बावीस वर्षं एकाच माणसाची गाडी चालवली. तो माणूस म्हणजे कर्जतचे एक वकील. सगळा तालुका त्यांना अप्पा म्हणायचा. जमिनीचे दावे हे त्यांचं काम. कर्जत, खालापूर, पनवेल, अलिबाग, जिथे कोर्ट तिथे अप्पा आणि जिथे अप्पा तिथे सहदेव. बावीस वर्षांत तीन गाड्या बदलल्या, पण ड्रायव्हर बदलला नाही. सहदेवचा हातच तसा होता. मागच्या सीटवर कागदांवर खुणा करत बसलं तरी चौकच्या वळणावर आपली रेघ हलत नाही, असं अप्पा स्वतःच लोकांना सांगायचे. त्यांनी सहदेवचं कधी कौतुक केलं असेल तर एवढंच, आणि तेही रेघेच्या निमित्ताने.

अप्पांना समोरच्याला खाली पाडून बोलायची सवय होती. कोर्टात ती कामाला यायची. घरी आल्यावर काळा कोट खुंटीला लागायचा, सवय तेवढी अंगावर राहायची. सहदेव आठवीतून शाळा सोडलेला. घरी पाहुणे आले की अप्पा त्याला अंगणातून आत बोलवायचे, हातात इंग्रजी वर्तमानपत्र द्यायचे आणि मोठी बातमी वाचायला सांगायचे. तो उभ्या उभ्या अक्षरं लावायचा. त्याच्या तोंडी शब्दांची जी गत व्हायची तिला पाहुणे हसायचे, आणि मग चहा यायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सहदेव एकतीस वर्षांचा होता. मधल्या काळात, मुलीच्या पुस्तकांतून, तो बऱ्यापैकी वाचायला शिकला. एकदा त्याने बातमी न अडखळता वाचून दाखवली. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि पुढचे आठ दिवस अप्पा मागच्या सीटवरून त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून तो मुद्दाम चुकायचा.

त्या घरात त्याला माणसासारखं वागवणारी एकच होती, अप्पांची मुलगी सुनीती. ती कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं, आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघायची. दर हिवाळ्यात ती शाळेच्या मुलींना घेऊन पेठच्या किल्ल्यावर चढायची आणि त्यांच्या आधी वर पोचायची. सहदेवला ती दादा म्हणायची. त्याची मुलगी छाया नववी-दहावीला होती तेव्हा दोन वर्षं सुनीतीने तिला संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. त्याबद्दल तिने कधी काही घेतलं नाही, आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. छाया नर्स झाली, पनवेलला एका रुग्णालयात लागली. सहदेवची बायको सुंदरा म्हणायची, या घराचं काय व्हायचं असेल ते होवो, पण ताईंच्या पायाला काटा लागू नये.

आता अप्पांच्या पायाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एक समारंभ होता आणि अप्पा पाहुणे होते. वैशाखातली दुपार. सहदेवने दार उघडलं, अप्पा उतरले आणि मंडपाकडे चालू लागले. सहदेवने वळून बघितलं तर उजव्या पायातली चप्पल गाडीतच राहिलेली. अप्पा तापलेल्या फरशीवरून एका अनवाणी पायाने तीन पायऱ्या चढून गेले होते, आणि त्यांना पत्ता नव्हता. तो चप्पल घेऊन धावला. त्यांनी खाली बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. परतताना त्यांनी गाडीत पाय वर घेऊन तळवा पाहिला. फोड आला होता. जुन्या साखरेने पायातली जाण गेली होती, आणि ते त्यांनी घरातही कळू दिलं नव्हतं. "कुणाला बोलायचं नाही," एवढंच ते म्हणाले. सहदेव बोलला नाही. सुंदरालाही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी अप्पांनी विजेवरची गाडी घ्यायचं काढलं. वकिली जवळजवळ सुटली होती, पंचाहत्तरी होऊन गेली होती. अंगणात चार्जर आधी बसला, गाडी मागून ठरायची होती. अप्पा, सुनीती आणि सहदेव पनवेलच्या शोरूममध्ये गेले.

तिथे निलेश नावाचा विक्रेता होता. त्याने सांगितलं ते असं. गाडी एकच, पण दोन तऱ्हांनी मिळते. साधी घेतली तर एक मोटर, मागच्या चाकांना. वरचा परफॉर्मन्स पॅक घेतला तर पुढच्या चाकांनाही दुसरी मोटर, टायर रुंद, ब्रेक मोठे, आणि पाय दिला की चार सेकंदांत शंभरचा वेग. त्याच्या मोबदल्यात एका चार्जिंगमध्ये अंतर थोडं कमी तुटतं आणि टायर लवकर झिजतात, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

सुनीतीचं मत तिथेच झालं. दहिवलीच्या पुलावरून भाजी आणायची आणि महिन्यातून दोनदा खालापूरला जायचं, त्याला चार सेकंदांचं काय करायचं, असं तिने विचारलं. अप्पांनाही डोक्याने ते पटत होतं. पण मन त्या दुसऱ्या गाडीभोवती फिरत होतं. ते दोनदा साध्या गाडीपाशी गेले आणि दोनदा परत आले. मग त्यांनी सहदेवला सांगितलं, दोन्ही चालवून बघ.

सहदेवने आधी साधी चालवली. चांगली होती, शांत होती. मग जोरवाली काढली. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर मोकळी जागा बघून त्याने पाय दाबला, आणि आवाज न करता गाडीने त्याला सीटमध्ये असं दाबून धरलं की मान मागे गेली. आयुष्यात तीस गाड्या तरी त्याच्या हाताखालून गेल्या असतील, पण असं त्याने कधी अनुभवलं नव्हतं. पोरासारखं हसू आलं त्याला. आणि त्याच क्षणी त्याला पक्कं कळलं की ज्याच्या पायाला जमीन लागत नाही त्या माणसाच्या पायाखाली ही गाडी द्यायची नाही. परत येताना त्याने मनात वाक्यही जुळवलं होतं. अप्पा, साधीच बरी.

तो आत आला तेव्हा निलेश विचारत होता, गाडी चालवणार कोण, म्हणजे सीट तशी लावून दाखवतो. अप्पा म्हणाले, "मीच. हिला क्लच नाही, गिअर नाही. आमचा सहदेव म्हणजे तेवढंच, क्लच आणि गिअर. ते गेले, सहदेव गेला."

निलेश हसला, गिऱ्हाईक हसलं की हसावंच लागतं. सुनीती हसली नाही. ती वडिलांकडे बघत राहिली. तिलाही हे आत्ताच कळत होतं. बावीस वर्षांची नोकरी संपल्याचं सहदेवला असं कळलं, काचेच्या दालनात, एका अनोळखी माणसाच्या हसण्यातून.

अप्पा त्याच्याकडे वळले. "जायच्या आधी शेवटचं काम कर. कुठली घेऊ?"

एरवी असा प्रश्न आला की सहदेव खाली बघायचा, जरा थांबायचा आणि तुमी म्हणाल तसं, म्हणायचा. त्या दिवशी त्याने मान वर केली आणि थेट अप्पांच्या डोळ्यांत बघितलं.

"जोरवाली घ्या, अप्पा. तुमाला शोभंल. साधी काय, कोनी बी चालवतो."

सुनीती मध्ये काहीतरी बोलू लागली. अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं आणि जोरवालीवर बोट ठेवलं.

त्याला काय हवं होतं, हे सहदेवने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. अप्पा मरावेत असं नव्हतं, असं तो स्वतःला सांगायचा. त्यांनी कुठेतरी भिंतीवर गाडी घालावी, चारचौघांत खाली उतरून लटपटावं, आणि महिन्याभरात माणूस पाठवून आपल्याला बोलवावं, एवढंच. पण कधीकधी पोशीरच्या वाटेवर मोटारसायकलवर एकटा असताना तो मान्य करायचा की भिंतीऐवजी ट्रक असता तरी त्याने तोंड फिरवलं नसतं.

गाडी आली. अप्पांना शिकवायला सहदेवला एक महिना ठेवून घेतलं. गाडी ताब्यात घेताना निलेशने त्याला बाजूला नेऊन एक गोष्ट दाखवली होती. पडद्यावर एक कुलूप आहे, आकडा टाकून लावलं की गाडीचा निम्मा जोर बांधला जातो, कितीही पाय दाबा. नवीन चालवणाऱ्याला सहा महिने लावून ठेवा, म्हातारं माणूस असेल तर कायमचं, असं निलेश म्हणाला. सहदेवने मान हलवली होती.

अप्पा भराभर शिकले. या गाडीत एकाच पेडलने सगळं होतं. दाबलं की पळते, पाय उचलला की आपोआप थांबते. ब्रेककडे पाय न्यावाच लागत नाही. त्यामुळे त्यांचा पाय लपून गेला. फक्त दोनदा, मैदानावर, सहदेवला दिसलं की अप्पांना खरा ब्रेक मारायचाय आणि पाय ब्रेकच्या बाजूला मोकळ्या जागेत दाबला जातोय. दोन्ही वेळा गाडी तशीही थांबत आली होती. दोन्ही वेळा सहदेव समोर काचेतून बघत राहिला.

शेवटच्या दिवशी अप्पांनी विचारलं, या पडद्यात आणखी काही लावायचं राहिलंय का.

"नाय. येवढंच," सहदेव म्हणाला.

निरोप म्हणून अप्पांनी त्याला इंग्रजीत टाइप केलेलं प्रमाणपत्र दिलं आणि वाचायला सांगितलं. त्याने या वेळी सोंग केलं नाही. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सरळ वाचलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "छान वाचलंस," ते म्हणाले. "आता या वयात त्याचा काय उपयोग?"

सहदेवला मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या बसवर काम मिळालं. सकाळी कर्जतहून कामगार भरायचे, चौकवरून मोहोपाड्याला सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. बस जुनी, खडखडणारी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा चौकच्या अलीकडच्या चढावर मागून ती गाडी यायची. आवाज नसल्यामुळे आधी कळायचंही नाही. एकदम आरशात पांढरं काहीतरी मोठं व्हायचं, दोनदा हॉर्न वाजायचा, आणि बस दुसऱ्या गिअरमध्ये रडत असताना अप्पा बाजूने निघून जायचे. एकदा त्यांनी काच खाली करून हात हलवला. कामगार म्हणाले, म्हातारा काय चालवतो राव.

अप्पांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. ते एकटे लोणावळ्याला जाऊन चहा पिऊन यायचे. सहदेवला हे सगळं चांगो सांगायचा. चांगो अप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावायचा आणि सकाळी स्टँडवर भेटायचा. सहदेव रोज विचारायचा, अप्पांचं काय. चांगो रोज सांगायचा, मजेत हाय. सहदेवला ते ऐकून दिवसभर तोंड कडू लागायचं. सुंदराने एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "तुमी त्यांच्या पडन्याची वाट बघताय काय?" तो ताटावरून उठून गेला. त्या दिवसापासून सुंदराने अप्पांचं नाव घरात काढायचं सोडलं.

असे सात महिने गेले.

माघातली सकाळ होती, दहाचा सुमार. अप्पा आणि सुनीती बाजारातून परत आले. फाटक अडकत होतं म्हणून सुनीती खाली उतरली आणि गाडीच्या पुढे जाऊन कडी ओढू लागली. तिच्या मागे फाटकाचा दगडी खांब होता. अप्पांनी पाय उचलला होता, गाडी थांबली होती. पण गटारावरच्या लोखंडी झाकणावर चाक होतं, ते खडखडलं आणि अप्पांना वाटलं गाडी घसरतेय. त्यांनी ब्रेक दाबला. म्हणजे ब्रेक समजून जे पायाखाली होतं ते दाबलं, आणि गाडी थांबेना म्हणून आणखी दाबलं.

चांगोने सगळं समोरून पाहिलं. गाडी पळाली असं नाही, गाडीने झेप घेतली, असं तो दुसऱ्या दिवशी स्टँडवर सांगत होता. सुनीतीने मान वर केली तेवढीच. तिला ओरडायलाही मिळालं नाही. खांब आणि गाडी यांच्यामध्ये तिचा डावा पाय होता.

"म्हातारा?" सहदेवने विचारलं.

"त्याला काय झालं नाय. ती फुग्याची पिशवी फुटली तोंडावर, येवढंच."

सहदेवच्या मनात पहिलं जे आलं ती निराशा होती. ती आली आणि तो तिला ओळखेपर्यंत चांगो पुढे सांगत होता, ताईंचा पाय गुडघ्याखाली राहिला नाय. बसमध्ये कामगार हॉर्न वाजवत होते. चांगोने आपल्या परीने समजूतही काढली. साधी गाडी असती तरी आपटलीच असती, तो म्हणाला, फक्त बाईला बाजूला व्हायला वेळ मिळाला असता, नाहीतर नसता मिळाला, कोन सांगनार.

सुनीतीला पनवेलला नेलं होतं, आणि छाया त्याच रुग्णालयात होती. तिने आपली पाळी बदलून घेतली आणि ताईंच्या पायाची पट्टी तीच करायची. घरी आली की सांगायची, ताई तुमचं विचारत होत्या. एक दिवस तिने सांगितलं, ताई झोपेत गेलेल्या पायाची बोटं हलवायला बघतात आणि हलली असं त्यांना वाटतं. सहदेव ऐकून घ्यायचा. रुग्णालयात तो एकदाच गेला, दारातून बघितलं, ती झोपली होती, आणि तो परत आला.

अप्पांनी तीन महिने गाडीवर खापर फोडलं. ब्रेक दाबला होता, गाडीत दोष आहे, असं म्हणून त्यांनी कंपनीला नोटिसांमागून नोटिसा पाठवल्या. मग कंपनीकडून एक कागद आला. गाडी स्वतःची नोंद ठेवते, हे त्यांना माहीत नव्हतं. अपघाताच्या त्या दीड सेकंदात वेगाचं पेडल पूर्ण दाबलेलं होतं आणि ब्रेकला कुणी हातही लावला नव्हता, पायाची तर गोष्टच सोडा. सुनीती तोवर चाकांच्या खुर्चीत घरी आली होती. तो कागद तिनेच वाचून दाखवला, पुढच्या खोलीत, मोठ्याने, एकेक ओळ. वाचून झाल्यावर तिने विचारलं, पायाचं कधीपासून आहे. अप्पांनी सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेतलेला माणूस, एका प्रश्नात संपला.

त्या आठवड्यात सुनीतीने सहदेवला फोन केला. गाडी दुरुस्त होऊन आली आहे, अप्पा आता चालवणार नाहीत, मला आठवड्यातून दोनदा पनवेलला न्यावं लागेल, कृत्रिम पायावर चालायला शिकवतात तिथे. याल का, असं तिने विचारलं. त्याला नाही म्हणता आलं नाही. बसची नोकरी सोडून तो पुन्हा त्या अंगणात उभा राहिला. जे मिळावं म्हणून त्याने सल्ला दिला होता ते तंतोतंत मिळालं होतं. नोकरी तीच, घर तेच, आणि गाडी तर पहिल्यापेक्षा चांगली.

पहिल्याच दिवशी त्याने पडद्यावरचं कुलूप लावलं. मागच्या सीटवरून सुनीतीने विचारलं, हे काय करताय. त्याने सांगितलं, जोर बांधतोय. तिने पुढे काही विचारलं नाही. पण ती विज्ञान शिकवणारी बाई होती, अर्धवट कळलेल्या गोष्टीवर गप्प बसणारी नव्हती. तिने दोन आठवडे जाऊ दिले. मग एका सकाळी, चौक मागे पडल्यावर, तिने सरळ विचारलं.

"दादा, हे कुलूप अप्पा शिकत होते तेव्हाही होतं का?"

"व्हतं."

"आणि त्यांच्या पायाचं तुम्हाला माहीत होतं?"

त्याने गाडी कडेला घेतली. समोर बघतच त्याने सगळं सांगितलं, भिवपुरीच्या पायऱ्यांपासून शेवटच्या दिवसाच्या त्या ‘नाय, येवढंच’पर्यंत. आता ती शिव्या देईल, खाली उतर म्हणेल, पोलिसात देईल, असं त्याला वाटलं. खरं तर तशी आशाच होती. सांगून झाल्यावर तो म्हणाला, मी उद्यापासून येत नाय, ताई. तुमी दुसरा मानूस बघा.

"यायचं," ती म्हणाली. "छायाला मी शिकवलं, तिने माझा पाय धुतला, ते तिचं-माझं फिटलं. तुमचं-माझं काही फिटलेलं नाही. मी सांगेपर्यंत यायचं. आणि घरी गेल्यावर हे अप्पांना सांगायचं. माझ्यासमोर."

घरी अप्पा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. अलीकडे ते तिथेच बसलेले असायचे, फाटकाकडे पाठ करून. सुनीती कुबड्यांवर दाराशी उभी राहिली आणि सहदेवने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी वाईट ऐकू आलं.

अप्पांनी मान हलवली. जणू साक्षीदार अपेक्षेप्रमाणेच बोलत होता.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "तू कधी सल्ला दिलास मला? बावीस वर्षं जमिनीकडे बघून बोललास. त्या दिवशी वर बघितलंस. मला तेव्हाच कळलं, हा मला पडलेला बघायला टपलाय."

सहदेवला समजेना. "मंग घेतली कशाला?"

"तुला दाखवायला." अप्पांचा आवाज अगदी साधा होता. "साधी घेतली असती तर तुला वाटलं असतं, म्हातारा घाबरला. चढावर तुझी बस दिसली की मी मुद्दाम पाय दाबायचो. तुझं तोंड आरशात बघायला मिळायचं."

खोलीत तिघंच होते. दोघांनी एकमेकांशी खेळलेला डाव, आणि पणाला लागलेली वस्तू दाराशी कुबड्यांवर उभी. सहदेवने तिच्याकडे बघितलं नाही. अप्पांनीही नाही. थोड्या वेळाने कुबड्यांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला, आणि आतून कुकर लावल्याचा आवाज आला. तिने दोघांसाठीही भात टाकला होता.

त्या दिवसापासून सुनीतीने एक पद्धत घातली. पनवेलला जाताना अप्पांनीही यायचं. पुढे, सहदेवच्या शेजारी बसायचं. अप्पांनी पहिल्यांदा नकार दिला, प्रकृतीचं कारण सांगितलं. तिने सांगितलं, मग माझं चालणं शिकायचं राहिलं, तुम्ही म्हणाल तसं. ते उठले. अंगणातून गाडीपर्यंत जाताना ते भिंत धरून चालले, आणि सहदेवने दार उघडून धरलं. चप्पल पायात आहे का, ते त्याने बघितलं. तो बघतोय हे अप्पांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा दोघं शेजारी बसून जातात. रस्त्याने एक शब्द होत नाही. मागच्या सीटवर सुनीती मुलींच्या वह्या तपासते. शाळेने तिला बसून शिकवायची परवानगी दिली आहे. किल्ल्यावर या हिवाळ्यात दुसऱ्या बाई मुलींना घेऊन गेल्या. त्या दिवशी ती दिवसभर कुणाशी बोलली नाही, आणि दोन्ही पुरुष आपापल्या जागी, एक अंगणात आणि एक खोलीत, आवाज न करता बसून होते.

पनवेलच्या त्या केंद्रात मोठी खोली आहे, तिच्यात कमरेच्या उंचीवर दोन आडव्या दांड्या आहेत. त्यांना धरून नव्या पायाने चालायचं. बाहेरच्या बाजूला काच आहे आणि काचेसमोर बाक. आत कुणी नको, बाहेर बसून बघायचं, असं सुनीतीने दोघांना सांगितलेलं आहे. बघायचं, यावर तिचा भर असतो. पेपर वाचायचा नाही, फोन काढायचा नाही.

परवा तिने दांड्या सोडल्या. पहिल्यांदाच. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला नवा पाय वाकडा पडला आणि ती बाजूवर आपटली. डोकं गादीवर पडलं, कोपर फरशीवर. बाकावरून दोघं एकदम उठले. अप्पांना उठायला सहदेवचा दंड धरावा लागला आणि सहदेवने तो धरू दिला. काचेचं दार ढकलून दोघं आत आले. शिकवणारी मुलगीही धावली होती. तिला सुनीतीने हाताने थांबवलं. कोपर फुटून रक्त येत होतं. पडल्या पडल्याच तिने दाराकडे मान वळवली.

"बसा बाहेर," ती म्हणाली.

अप्पा काहीतरी म्हणायला गेले. तिने पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता. दोघं मागे फिरले, बाकावर जाऊन बसले आणि काचेतून बघू लागले. तिने एक गुडघा टेकला, दांडीकडे हात नेला, तो पोचला नाही, पुन्हा नेला. खूप वेळ लागला. बाकावरून कुणीही उठलं नाही.